नऊ नंबरच्या सत्राचे अभिप्राय

१

रविवारी दुपारी जेवणं उरकली आणि रेवामावशीने खोकं आणून इरापुढे ठेवलं. बिस्किटांचं जुनं खोकं होतं. वरून खाकी चिकटपट्टी घट्ट मारलेली आणि तिच्यावर मार्करने लिहिलेलं, ‘अभिप्राय, सर्व हॉल’.

“दोनशे बारा फॉर्म आहेत,” मावशी म्हणाली. “रकाने मी करून ठेवलेत. तू फक्त गुण भरायचे आणि लोकांनी जे लिहिलंय ते जसंच्या तसं टाइप करायचं. शुद्धलेखन सुधारत बसू नकोस, तुझी सवय मला माहितीये.”

रेवामावशी वेबसाइट बनवणाऱ्या लोकांच्या एका गटाची कर्तीधर्ती होती. दरवर्षी ते एक दिवसाची परिषद भरवत. यंदा पितृपक्षात लग्नं नसल्यामुळे पळस्प्याजवळचं एक मंगल कार्यालय मिळालं होतं. लग्नाचा हॉल झाला हॉल नंबर एक, जेवणाचा हॉल झाला दोन, आणि वधूपक्षाच्या खोलीतले आरसे बॅनरने झाकून ती झाली तीन. गेल्या वर्षी अभिप्राय मोबाइलवर मागितले तेव्हा नेटवर्कने मान टाकली होती, म्हणून यंदा कागदी फॉर्म छापले. कागद कोणी भरत नाही, म्हणून मावशीच्या मदतीला असलेल्या दीपेशदादाने नियम काढला : भरलेला फॉर्म द्या, टी-शर्ट घ्या.

इराने कात्रीने चिकटपट्टी कापली आणि कामाला लागली. तासाभरात तिचं डोकं उठलं.

‘पोहे छान.’ ‘पोह्यांत मटार शोधावे लागले.’ ‘एसी फार होता.’ ‘एसी कुठे होता?’ ‘एक्सएल साइज संपली, हे योग्य नाही.’ एकाने बाराही सत्रांपुढे ओळीने पाच-पाच गुण देऊन खाली नुसता अंगठा काढला होता. बारा माणसांनी महिनाभर तयारी करून भाषणं केली, आणि लोकांच्या लक्षात राहिला मटार.

इराचा राग मात्र मटारावर नव्हता. नऊ नंबरचं सत्र तिचं होतं.

२

दहावीतली मुलगी परिषदेत बोलणार, ही मावशीची कल्पना. इराने त्यांच्या सोसायटीसाठी एक वेबपान बनवलं होतं, ‘पाणी कधी येणार’. करंजाड्यात पाणी कधी येईल याचा नेम नसतो. तळमजल्यावरच्या भामाआजींना नीट दिसत नाही, म्हणून ते पान वेळ मोठ्याने वाचून दाखवायचं. ते कसं बनवलं, एवढंच दहा मिनिटांत सांगायचं होतं. आदल्याच दिवशी, शनिवारी, हॉल तीन, दुपारी चार वाजता.

इरा चार वाजता दारापाशी पोहोचली. आईने दिलेला पिवळा कुर्ता घातलेला, डाव्या हातात कागद. दाराच्या वरच्या भागात दुधी काच होती. आतून खुर्च्या सरकल्याचे आणि लोक कुजबुजल्याचे आवाज येत होते. तिने उजवा हात हँडलवर ठेवला.

तो हात वीस मिनिटं तिथेच राहिला.

कार्यालयात झाडलोट करणाऱ्या सखूबाई दोनदा बाजूने गेल्या. दुसऱ्यांदा थांबून म्हणाल्या, “आत जा ना पोरी. कवापासून उबी हाय तू.” इराने तेव्हा खरंच हँडल दाबलं. ते खाली गेलं नाही. आतून कोणी वर धरून ठेवावं तसं घट्ट होतं. आधी तिला बरं वाटलं, मग स्वतःचाच संताप आला. नीट जोर लावला असता तर उघडलं असतं, हे तिला ठाऊक होतं. चार वीसला ती मागच्या जिन्यावर जाऊन बसली.

घरी आईने विचारलं, “कसं झालं गं?” इरा म्हणाली, “चांगलं झालं.” रात्रीच्या आत सगळ्या इमारतीला पेढे गेले. भामाआजींनी दोन घेतले.

मावशी त्या वेळी हॉल एकमध्ये अडकलेली होती. आता तिला खरं कळायची एकच वाट होती, आणि ती या खोक्यात होती. नऊ नंबरपुढे कोणी ना कोणी ‘सत्र झालंच नाही’ असं लिहिलेलं असणार. तो फॉर्म मावशीच्या आधी आपल्या हाती लागावा म्हणूनच तर तिने हे काम हसत घेतलं होतं.

३

साठाव्या फॉर्मपर्यंत तसं काही आलं नाही. नऊ नंबरपुढे गुण मात्र होते. पाच. पाच. चार. पाच.

इराने ओठ चावला. न झालेल्या सत्राला पाच गुण. म्हणजे लोकांनी डोळे मिटून रकाने भरले, टी-शर्ट घेतला आणि मोकळे झाले. अंगठेवाल्यासारखेच सगळे.

एकसष्टावा फॉर्म निळ्या शाईचा होता, अक्षर तिरपं. ‘सत्र ९ : भामाआजींचं उदाहरण आवडलं. माझ्या वडिलांसाठी असं पान करणार आहे.’

इराने टाइप करायला बोटं ठेवली आणि उचलली.

भामाआजी तिच्या सातव्या स्लाइडवर होत्या. ती स्लाइड तिने शुक्रवारी झोपण्यापूर्वी घातली होती आणि कोणालाच दाखवली नव्हती. मावशीलासुद्धा नाही. फाइल तिच्याच लॅपटॉपवर होती, आणि लॅपटॉप शनिवारभर तिच्याच दप्तरात.

‘मावशीने कुणाला सांगितलं असेल,’ तिने मनाशी ठरवलं. मावशी भामाआजींना ओळखत होती. पाणी, पान, आजी, हे सगळं बोलता बोलता निघू शकतं. तिने ओळ टाइप केली आणि फॉर्म झालेल्यांच्या गठ्ठ्यात उपडा ठेवला.

४

त्र्याहत्तरावा : ‘सत्र ९ छान. पण दाराबाहेर एक मुलगी उभी होती, तिला आत घ्यायला हवं होतं.’

इराचे कान तापले. दुधी काच. आतून तिची सावली दिसली असणार. वीस मिनिटं एक पिवळी आकृती काचेला चिकटून उभी, आणि आत बसलेल्या सगळ्यांनी ती पाहिली. लाजेने तिला फॉर्म फाडून टाकावासा वाटला.

सत्त्याहत्तरावा : ‘पिवळ्या कपड्यातल्या मुलीमुळे लक्ष विचलित होत होतं. व्हॉलंटियर काय करत होते?’

ऐंशीवा : ‘दहा मिनिटांचं सत्र वीस मिनिटं चाललं. सुरुवात उत्तम, शेवट भरकटला. शाळेचं वेळापत्रक ऐकायला आम्ही आलो नव्हतो.’

पंच्याऐंशीवा : ‘बोलणारी मुलगी हुशार आहे, पण सारखी दाराकडे बघते. समोर बघून बोलावं.’

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. इरा दचकली नाही, पण पुढचा फॉर्म उचलायला तिला वेळ लागला.

तिची सावली लोकांना दिसली, हे समजू शकत होतं. पण मग सारखं दाराकडे कोण बघत होतं?

तिने गठ्ठा चाळला. टाइप करणं सोडून फक्त नऊ नंबर बघत गेली. त्यापुढे काही लिहिलेले फॉर्म बाजूला काढले. एकतीस झाले. शाई वेगळी, अक्षरं वेगळी, कोणी मराठीत, कोणी मोबाइलवर लिहितात तसं इंग्रजी अक्षरांत मराठी. बहुतेकांचं म्हणणं एकच होतं : अहो, तिला आत घ्या.

बत्तिसावा अगदी तळाशी होता. त्यावर गुण नव्हते, नाव नव्हतं. नऊ नंबरपुढे पेन्सिलने दोन शब्द होते.

‘उघडू नका.’

५

दीपेशदादा मावशीच्या ऑफिसातला. दोन मुलांचा बाप होता, पण सगळे त्याला दादाच म्हणत. शनिवारी हॉल तीन त्याच्याकडे होता. इराने गॅलरीत जाऊन त्याला फोन लावला. फोन करणं तिला परीक्षेपेक्षा अवघड वाटे, पण आज इलाज नव्हता.

“हां इरा. बोल गं.”

“दादा, काल चार वाजता हॉल तीनमध्ये कोण बोललं?”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग तो हळू आवाजात म्हणाला, “कोणीच नाही. तुझी वाट बघितली. चार वीसला मी म्हटलं, चहा प्यायला चला. हे बघ, होतं असं. माझी पहिली मुलाखत मी लिफ्टमधूनच परत गेलेलो. रेवाला मी काही बोललो नाहीये, तूही नको बोलू.”

“आणि दारात... काचेतून कोणी दिसत होतं?”

“दारात? नाही गं. आम्ही सगळे दाराकडेच बघत होतो की, तू येशील म्हणून. कोणी नव्हतं.”

इराने कठड्याला हात टेकला. खाली टँकर उभा होता आणि बायका टँकरवाल्याशी भांडत होत्या.

“मग लोकांनी फॉर्मवर लिहिलंय ते?”

“फॉर्मचं काय घेऊन बसलीस,” तो हसला. “पचका झाला माझा. टी-शर्टासाठी लोकांनी सकाळी नोंदणीच्या टेबलावरच सगळे रकाने भरून दिले. साडेअकराला टी-शर्ट संपले, मी खोकं चिकटपट्टीने बंद केलं आणि रेवाच्या गाडीत टाकलं. दुपारच्या सत्रांचे अभिप्राय म्हणजे निव्वळ थापा आहेत. रेवाला हेही नको सांगू, मारेल मला.”

इराने आत वळून टेबलाकडे पाहिलं. कापलेली चिकटपट्टी तिथेच पडली होती. ती सलग होती, एकाच थराची. कापली होती तिने स्वतःच.

६

मावशीला खरं सांगायचं असं तिने दोनदा ठरवलं. पहिल्यांदा मावशीचा फोन वाजला. दुसऱ्यांदा मावशीच आधी बोलली.

“इरे, बघितलंस का? चार पूर्णांक नऊ. बाराही सत्रांत तू पहिली.” ती स्क्रीनकडे बघत खुशीत मान हलवत होती. “ज्याचं सत्र पहिलं येईल त्याचं परत ठेवायचं, असं आधीच ठरलंय. पुढच्या रविवारी, तीच खोली, चार वाजता. कार्यालयवाल्यांना विचारलं मी, मोकळं आहे.”

“मावशी, ते शेवटच्या रकान्यात लिहिलंय ना, दाराचं...”

“लोक फॉर्मवर काहीही लिहितात गं. गेल्या वर्षी एकाने मला लग्नाची मागणी घातली होती.”

“पण मी...”

“पण मी काय? घाबरतेस? एकदा केलंस ना? मग परत करायला काय होतंय?”

आई दारात उभी होती, हातात चहाचे कप. तिच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघून इराने वाक्य अर्धंच सोडलं. सोळा वर्षांत आईने तिच्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

आठवडाभर ती चिडचिड करत राहिली. लोकांवर, मावशीवर, दीपेशदादाच्या टी-शर्टांवर, आणि सगळ्यांत जास्त त्या न उघडलेल्या दारावर. ते शनिवारी उघडलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. फॉर्मबद्दल तिने मनाशी एक हिशेब पक्का केला. थापा मारणारे एकमेकांचं बघून लिहितात. एकाने दाराबाहेरच्या मुलीची गंमत केली, रांगेतल्या बाकीच्यांनी तीच उतरवली. भामाआजींचं मावशीने सांगितलं असेल. पिवळा कुर्ता सकाळी नोंदणीला लोकांनी पाहिला असेल. बसत होतं सगळं. वेळापत्रकाचं तेवढं बसत नव्हतं, तर ते तिने सोडून दिलं.

आणि एक गोष्ट नक्की होती. या वेळी ती आत जाणार होती. आईच्या चेहऱ्यावर आलेला तो अभिमान खोटा राहायला नको होता.

७

रविवारी तिने परिषदेचा निळा टी-शर्ट घातला. पिवळा कुर्ता धुऊन दोरीवर होता. निघताना तिने तो तिथेच आहे ना, हे बघून घेतलं.

पावणेचारला ती हॉल तीनमध्ये होती. लोक यायच्या आधी आत जाऊन बसायचं, म्हणजे दाराशी थांबायचा प्रश्नच नाही, ही तिची युक्ती. आरशांवर बॅनर तसेच होते. समोर भिंतीवरचं घड्याळ, डाव्या हाताला दुधी काचेचं दार, मागे भटारखान्याकडे जाणारं लहान दार.

लोक आले. दीपेशदादाने दार लावलं आणि मोजलं. “एकतीस. रविवारच्या मानाने झकास. कर सुरू.”

मावशीची गाडी कळंबोलीला अडकली होती, आई तिच्याबरोबर होती. चार वाजता इरा उभी राहिली. पहिलं वाक्य चुकलं, दुसरं नीट आलं. तिसऱ्याला एक जण हसला, आणि ते हसणं चांगलं होतं. तिचं पान मोठ्याने बोललं, ‘आज पाणी सहा वाजून दहा मिनिटांनी येणार आहे’, तेव्हा मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, “आमच्याकडे पाठव गं तिला.” सगळे हसले. इराला वाटलं, हे एवढंच होतं? यासाठी मी वीस मिनिटं बाहेर उभी राहिले?

सातव्या स्लाइडवर भामाआजी आल्या. पहिल्या रांगेतल्या तिरप्या चष्म्याच्या माणसाने वहीत काहीतरी लिहिलं.

तेव्हा मागच्या दाराने सखूबाई पाण्याचे पेले घेऊन आल्या. एक पेला टेबलावर ठेवत त्या इराच्या कानाशी म्हणाल्या, “भाईरच्या पोरीला पन इचारला पानी देऊ का. बोलत नाय ती.”

इराने डावीकडे पाहिलं.

दुधी काचेमागे पिवळं काहीतरी उभं होतं.

८

स्लाइड्स चार अकराला संपल्या. कोणी प्रश्न विचारला नाही. सगळे दाराकडे बघू लागले होते.

“अगं, ती कोण आहे? घे की तिला आत,” एक बाई म्हणाली.

“कधीची उभी आहे बिचारी.”

“व्हॉलंटियर काय करतायत?”

“थांबा, मी बघतो,” म्हणत दीपेशदादा उठला.

इरा त्याच्या आधी दारापाशी पोहोचली. आजवर ती कोणाच्याच आधी कुठे पोहोचली नव्हती. तिने हँडलखाली हात घातला आणि ते वर धरलं. त्याच क्षणी पलीकडून कोणीतरी ते खाली दाबलं.

तो दाब तिच्या ओळखीचा होता, मागच्या शनिवारचा तिचा स्वतःचाच. घाबरलेला, अर्धा, परत मागे घ्यायच्या बेतात असलेला. तिला सगळं एकदम कळलं आणि हसू आलं, रडूही आलं. आठवडाभर जे दार न उघडल्याचा तिने राग केला होता, ते आतून धरून ठेवणारा हात हा इथे होता, तिच्याच मनगटाला.

तिला फक्त चार वीसपर्यंत धरायचं होतं. चार वीसला ती मुलगी मागच्या जिन्यावर जाईल, मग घरी जाऊन आईला खोटं सांगेल, आणि सगळं होतं तसंच होईल. पण इरा गप्प झाली असती, तर लोकांनी दार उघडायला लावलं असतं. म्हणून ती बोलू लागली.

“हेच पान... शाळेसाठीसुद्धा वापरता येईल. म्हणजे वेळापत्रक वाचून दाखवायला. सोमवारी पहिला तास भूमिती. दुसरा इंग्रजी. तिसरा...”

“इरा,” दीपेशदादा हलकेच म्हणाला, “दार सोड गं. काय झालं?”

“तिसरा इतिहास. मग मधली सुट्टी. नंतर विज्ञान.”

मागे कोणीतरी कंटाळून उसासा टाकला. खुर्च्या करकरल्या. एकाने पेन काढलं. घड्याळात चार सोळा झाले. मंगळवार संपला. चार एकोणीसला बुधवारची मधली सुट्टी झाली. काचेमागचं पिवळं स्थिर होतं. हात दुखत होता, पण आता एकच मिनिट होतं.

चार वीस.

बुधवारचा शेवटचा तास, चित्रकला.

चार एकवीस.

हँडलवरचा दाब कमी झाला नव्हता. तो आता अर्धाही नव्हता. दुधी काचेवर बाहेरून एक पंजा टेकला, पाची बोटं पसरून. मग त्याच्या शेजारी दुसरा.

दोन्ही हात काचेवर होते. हँडल तरीही खाली दाबलं जात होतं. पेन्सिलने लिहिलेले ते दोन शब्द इराला आठवले.

“अहो, किती वेळ?” मागून एक जण वैतागून म्हणाला. “घ्या ना तिला आत.”

इराने दुसरा हातही हँडलखाली घातला आणि गुरुवारचा पहिला तास सांगायला सुरुवात केली.